खूण केली आणि पुढे गेले

संग्रह म्हटला की यादी आली, आणि यादी समोर आली की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाची ही सवयच असते. पान झालं, खूण केली, पुढचं पान घेतलं. या सवयीवर माझं घर चालतं, त्यामुळे तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण हीच सवय घेऊन मी छोट्या टेक्स्ट गेमांकडे गेले, आणि काही वर्षं त्यांतले उत्तमोत्तम खेळ हातचे घालवले. कोणते आणि कसे, ते सांगायचं आहे. या खेळांवर माझा मनापासून जीव आहे आणि मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी ते खेळले असतील. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांना माझ्या चुकांचा उपयोग होईल.

आधी खेळ कसा असतो ते. पडद्यावर चार-सहा ओळींचं वर्णन येतं. एक खोली आहे, टेबलावर दिवा आहे, उत्तरेला दार आहे. खाली कर्सर लुकलुकतो. पुढे काय करायचं ते आपण इंग्रजीत टाइप करायचं, दिवा उचल, दार उघड, उत्तरेला जा. संगणक ते वाचतो आणि पुढच्या चार ओळी देतो. आपली कमांड वाचणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. दुसऱ्या जातीच्या खेळांत टाइप काही करायचं नसतं, मजकुरातल्याच एखाद्या शब्दावर क्लिक करून पुढे जायचं असतं. चित्रं बहुतेक नसतातच. वाचायचं, विचार करायचा, उत्तर द्यायचं, परत वाचायचं.

याची सुरुवात गुहेत झाली. विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रॅमर हौसेने गुहा धुंडाळायचा. केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या ओळखीवरून त्याने 1975-76च्या सुमारास ‘ॲडव्हेंचर’ लिहिला, आणि 1977 साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला. तो पाहून एमआयटीतल्या मुलांनी ‘झॉर्क’ केला, त्यातून इन्फोकॉम ही कंपनी निघाली, आणि ऐंशीच्या दशकात असे खेळ दुकानांतून विकले गेले. ते खेळ मोठे असत. आठवडेच्या आठवडे माणूस एका कोड्यावर अडून बसायचा. पुढे चित्रांचे खेळ आले, धंदा बसला आणि कंपनी गेली. मग हौशी मंडळींनी हे काम हातात घेतलं. 1993 साली ग्रॅहम नेल्सनने ‘इन्फॉर्म’ ही असे खेळ लिहिण्याची भाषा मोफत दिली. 1995 साली केव्हिन विल्सनने एक स्पर्धा सुरू केली. ती आजही दरवर्षी होते आणि तिला सगळे आयएफकॉम्प म्हणतात. परीक्षक कोणीही होऊ शकतो, पण त्याने खेळ जास्तीत जास्त दोन तास खेळून जे मत होईल त्यावरच एक ते दहा गुण द्यायचे, असा नियम आहे. पहिल्या वर्षी बारा खेळ आले होते. 2020 साली हा आकडा शंभराच्या पुढे गेला.

दोन तासांच्या त्या एका नियमाने लेखनच बदललं असं माझं मत आहे. गुहा, खजिने, चक्रव्यूह मागे पडले आणि एक खोली, एक संध्याकाळ, एक संभाषण एवढ्यावर खेळ लिहिले जाऊ लागले. कादंबरीच्या जागी कथा आली म्हणा. हे सगळं मला वाचून माहीत होतं. तरीही खेळायला बसले की मी ते विसरायचे.

माझी सगळ्यात मोठी चूक एका संग्रहाच्या बाबतीत झाली. ‘दे माइट बी जायंट्स’ या न्यूयॉर्कच्या जोडीचा ‘अपोलो 18’ हा अल्बम 1992 साली आला. त्यावर अडतीस ट्रॅक आहेत, पण त्यांतले एकवीस म्हणजे ‘फिंगरटिप्स’ या नावाखालचे, काही सेकंदांचे तुकडे. अल्बमसोबतच्या मजकुरातच सुचवलेलं होतं की ही सीडी शफलवर लावा, म्हणजे हे तुकडे मोठ्या गाण्यांच्या मधेमधे अवचित येत राहतील. वीस वर्षांनी, 2012 साली, टेक्स्ट गेम लिहिणाऱ्या मंडळींनी या अल्बमला मानवंदना दिली. प्रत्येक ट्रॅकवर एक खेळ, असे अडतीस खेळ. ‘फिंगरटिप्स’च्या तुकड्यांवरचे खेळ तर एकाच चालीचे. एक कमांड द्यायची आणि खेळ संपला.

मी काय केलं? गाणी ऐकलीच नाहीत. अडतीस नावं वहीत उतरवली, समोर चौकोन काढले आणि एका शनिवारी दुपारी पहिल्यापासून ओळीने सुरुवात केली. एका चालीचे खेळ आले तेव्हा मला आनंद झाला, कारण खुणा भराभर होत होत्या. कमांड, उत्तर, खूण. कमांड, उत्तर, खूण. कोणत्या खेळात मी काय टाइप केलं हे रात्री जेवताना मला सांगता आलं नसतं. शिरीष पै यांनी मराठीत हायकू आणला. हायकूंचा संग्रह कोणी असा बोटाने ओळी मोजत एका दमात वाचला तर त्याला मीच थांबवलं असतं. इथे मात्र मला थांबवणारं कोणी नव्हतं, आणि खेळ मोफत असल्यामुळे पैसे वाया गेल्याची टोचणीही नव्हती.

पुष्कळ दिवसांनी गाणी ऐकली, आणि ऐकताना आपण काय घालवलं ते कळलं. तुकडे मधेच येऊन चकवतात, म्हणून तर ते तुकडे आहेत. मोठ्या खेळात तासभर गुंतल्यावर मधेच एक चालीचा खेळ यावा, आपण जरा गांगरावं आणि एकच संधी आहे म्हणून टाइप करण्याआधी बोट उचलून धरावं, अशीच ती योजना होती. मी एकवीसच्या एकवीस एका रांगेत उभे केले. पंधराव्याला कोण गांगरणार? आता ते खेळ पुन्हा खेळता येतात, पण पहिल्यांदा खेळता येत नाहीत. एका चालीच्या खेळात पहिली वेळ हीच सगळी मिळकत असते.

एका चालीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणावा असा खेळ म्हणजे सॅम बार्लोचा ‘आइल’, 1999 सालचा. गुरुवारची उशिराची रात्र. दिवसभराच्या कामाने थकलेला एक माणूस सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत एका रांगेत शिरतो. तिथे शेल्फवर ताजी न्योकी दिसते, बटाट्याचा तो इटालियन पदार्थ. रोमनंतर त्याने तो खाल्लेला नाही. काही पावलांवर एक बाई आपली ट्रॉली भरते आहे. कर्सर लुकलुकतो. बस. एक कमांड द्या, आणि एक परिच्छेद येऊन गोष्ट संपते. मग तीच रात्र पुन्हा सुरू.

शंभराहून अधिक वेगवेगळे शेवट या खेळात आहेत. न्योकी उचलली तर एक, बाईशी बोललं तर दुसरा, नुसतं थांबून राहिलं तर तिसरा, रोमविषयी विचार केला तर आणखी वेगळा. काही शेवट साधे आहेत, काही हळवे, काही भयंकर. रोममध्ये त्याच्याबरोबर कोण होतं आणि तिचं पुढे काय झालं याचं उत्तर एका शेवटात एक मिळतं आणि दुसऱ्यात दुसरंच.

मी तक्ता केला. डाव्या बाजूला कमांड, उजव्या बाजूला त्यातून कळलेली माहिती. ही माहिती त्या माहितीशी जुळत नाही म्हणून प्रश्नचिन्हं, बाण, खाली तळटिपा. खरी हकिगत कोणती ते मला शोधून काढायचं होतं. दोन शेवटांत तपशिलाची तफावत असेल तर मुद्रितात खूण करावी तशी मी लाल खूण करत होते. आणि शेवटी माझा निष्कर्ष असा की लेखकाचं कच्चं राहिलं आहे, त्याने धागे नीट जुळवलेले नाहीत.

खेळाच्या सुरुवातीला बार्लोने थोडक्यात एक सूचना दिली आहे. त्यात तो स्वच्छ सांगतो की इथे गोष्टी अनेक आहेत आणि सगळ्या एकाच माणसाच्या नाहीत. मी ती वाचलीच नव्हती. प्रस्तावना नंतर वाचू म्हणून कोणतंही बटण दाबून पुढे गेले होते. ज्या बाईला दिवसभर दुसऱ्याचं एकेक अक्षर वाचायचे पैसे मिळतात, तिने पडद्यावरचा पहिलाच मजकूर ओलांडला.

ती सूचना वाचल्यानंतर मी तक्ता फाडला आणि बऱ्याच दिवसांनी ‘आइल’ पुन्हा उघडला. त्या रात्री एकच कमांड दिली. त्या माणसाला मी रांगेतून निघून जायला सांगितलं. जो परिच्छेद आला तो मी तीनदा वाचला आणि संगणक बंद केला. मग लक्षात आलं की शंभर शेवटांची ती कल्पना फार साधी आणि फार खोल आहे. आपण काय टाइप करतो त्यावरून त्या माणसाचा भूतकाळ ठरतो. बाईवर धावून जा म्हणणाऱ्याला तो तसलाच माणूस मिळतो. दोष शोधायला बसलेल्या मला दोषच मिळत गेले होते. याच बार्लोने पुढे 2015 साली ‘हर स्टोरी’ केला. त्यात एका बाईच्या पोलिस जबानीच्या फिती आपण शब्द टाइप करून शोधायच्या असतात. तो जगभर गाजला. त्याचं बीज मला न्योकीच्या त्या शेल्फसमोर दिसतं.

एमिली शॉर्टचा ‘गॅलेटिया’ 2000 सालचा. तिथेही माझं असंच झालं, फक्त प्रकार वेगळा. एका प्रदर्शनात चबुतऱ्यावर गॅलेटिया या स्त्रीचा पुतळा आहे, तो बोलतो, आणि सुरुवातीला आपल्याकडे पाठ करून उभा आहे. आपण समीक्षक. तिला एखाद्या विषयाबद्दल विचारायचं किंवा आपण काही सांगायचं. कोणत्या क्रमाने काय विचारलं, मधे थांबलो का, तिच्याकडे पाहिलं का, यावर तिचा मूड बदलतो आणि शेवटही बदलतो. मी विषयांची यादी करून एकामागून एक प्रश्न टाकले, जनगणनेला आल्यासारखे. ती तुटक बोलत गेली. खेळ रुक्ष आहे असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं. रुक्षपणा कोणाच्या प्रश्नांत होता ते आता लिहायची गरज नाही.

वॉकथ्रू ही या छंदातली दुसरी मोठी फसगत. वॉकथ्रू म्हणजे खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवणाऱ्या कमांडांची यादी. ती लेखक स्वतःच देतात, आणि काही खेळांना तिची खरोखर गरज असते. पहिल्या आयएफकॉम्पमध्ये इन्फॉर्म विभागात जिंकलेला अँड्र्यू प्लॉटकिनचा ‘अ चेंज इन द वेदर’ घ्या. वादळी रात्र आहे, आणि अमुक गोष्ट अमुक वेळेत केली नाही तर खेळ तसाच चालू राहतो पण आता तो जिंकता येणार नाही. तुम्हाला ते कळतही नाही. असल्या खेळात यादी पाहिली म्हणून कोणाला नावं ठेवू नयेत. पण मी यादी पहिल्यापासूनच शेजारी उघडून बसायचे. प्लॉटकिनचाच ‘शेड’ आहे. पहाटेच्या आधीची वेळ, एक छोटं घर, विमानतळावर जायला टॅक्सी यायची आहे, घशाला कोरड पडली आहे आणि हाताशी करायच्या कामांची एक यादी आहे. घरातल्या वस्तूंचं काय होऊ लागतं ते मी सांगणार नाही. त्याची भीती हळूहळू चढते, आणि ती चढायला आपण घरभर निरुद्देश हिंडावं लागतं, तीच वस्तू परत पाहावी लागते. यादीबरहुकूम कमांड देत गेल्याने मी त्या घरात एकदाही हिंडले नाही. शेवट आला तेव्हा मला फक्त शेवट आल्याचं कळलं.

भीतीचा खेळ घालवला तो माझा एकटीचा तोटा. ‘लॉस्ट पिग’ मात्र मी दुसऱ्याचा घालवला, आणि ते मला जास्त लागतं.

‘लॉस्ट पिग’ 2007 साली आयएफकॉम्प जिंकला. ग्रंक नावाचा एक ऑर्क आहे, शेतावर कामाला. त्याच्या हातून डुक्कर सुटलं आहे आणि ते शोधायला तो रात्री मशाल घेऊन निघतो. गोष्ट ग्रंकच्याच मोडक्यातोडक्या इंग्रजीत आहे. मला माहीत असलेल्या खेळांत इतका समजूतदार पार्सर क्वचित असेल. आपण काहीही वेडगळ टाइप करावं आणि लेखकाने त्याचाही विचार केलेला असावा. चड्डीला मशाल लावून पाहणाऱ्यासाठीसुद्धा उत्तर लिहिलेलं आहे. कोडी थोडी आणि सोपी आहेत. कोड्यांच्या आजूबाजूला जे आहे, तोच खेळ आहे.

माझी भाची बारावीची परीक्षा देऊन सुट्टीला आली होती. तिला हा प्रकार दाखवावा म्हणून मी ‘लॉस्ट पिग’ उघडून दिला आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. तिने सुरुवात छान केली. ग्रंकला इकडे पाहायला लावलं, तिकडे पाहायला लावलं, मोठ्याने हसली.

“मावशी, याला डुकराशी गप्पा मारायला लावू?”

“त्याने काही होत नाही. आधी तो बोगदा बघ.”

“पण बघू तर दे काय म्हणतो.”

“अगं, नंतर. आधी बोगदा. पूर्वेला जा.”

तिने टाइप केलेलं पुसलं आणि मी सांगितलं ते टाइप केलं. असं तीन-चार वेळा झालं. मग ती म्हणाली, “मावशी, तूच खेळ ना, मी बघते.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला तेव्हा कळलं नाही. मी कीबोर्ड घेतला आणि खेळ पूर्ण करून दाखवला. तिने “भारी आहे” म्हटलं आणि मोबाइल हातात घेतला. त्यानंतर तिने कधी टेक्स्ट गेम उघडल्याचं मला माहीत नाही. डुकराशी बोलल्यावर ग्रंक काय म्हणतो ते तिला त्या दिवशी कळायला हवं होतं. मुलांच्या शेजारी बसून त्यांना खेळ दाखवणाऱ्या सगळ्या मोठ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हात मांडीवर ठेवा.

ॲडम कॅड्रेचा ‘फोटोपिया’ मी मैत्रिणीला फोनवर सांगून टाकला, अगदी शेवटासकट. 1998 साली आयएफकॉम्प जिंकलेला तो खेळ. त्यात कोडं जवळजवळ नाहीच, तुकड्यातुकड्यांत आलेली एका मुलीची गोष्ट आहे आणि ते तुकडे आपण जुळवायचे आहेत. ते जुळवणंच मी तिच्याकडून काढून घेतलं. तिला खेळायला वेळ मिळणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. वेळ कोणाला नाही हे ठरवणारी मी कोण? आणि तो खेळ तासाभराच्या आत संपतो.

क्लिकच्या खेळांना मी बरेच दिवस खेळच मानत नव्हते. 2009 साली ख्रिस क्लायमसने ‘ट्वाइन’ हे साधन मोफत दिलं. त्यामुळे प्रोग्रॅमिंग न येणारी माणसंही खेळ लिहू लागली, आणि पार्सरवाल्यांच्या जगात जे आले नसते असे विषय आले, आजारपण, एकटेपणा, आपली ओळख, शरीर. पॉर्पेंटाइनचा ‘हाउलिंग डॉग्ज’ 2012 सालचा. एका बंद जागेत रोज तेच खायचं, तेच पाणी प्यायचं आणि मग यंत्रातून दुसऱ्या जगांत जाऊन यायचं. परत आल्यावर जागा थोडी आणखी कळकट झालेली. मी “खाणं, पाणी, पुढे” असं भराभर क्लिक करत गेले, कारण ते परिच्छेद रोज सारखेच दिसत होते. सारखे दिसणारे परिच्छेद नीट वाचणं हे माझं रोजचं काम आहे, तरीही.

याहून वाईट मी वागले ते ॲना अँथ्रोपीच्या 2013 सालच्या ‘क्वीअर्स इन लव्ह ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’शी. जगाचा अंत दहा सेकंदांवर आला आहे आणि प्रिय व्यक्ती समोर आहे. घड्याळ खरोखर चालतं. तिला जवळ घ्यावं, काही बोलावं, की नुसतं पाहावं, हे क्लिक करून ठरवायचं, आणि दहाव्या सेकंदाला सगळं पुसलं जातं. मजकूर इतका आहे की एका फेरीत थोडासाच वाचून होतो. मला ते सहन होईना. काही वाचायचं राहून जातंय ही कल्पनाच मला अस्वस्थ करते. म्हणून मी पानाचा सोर्स उघडला आणि घड्याळाविना सगळे परिच्छेद वरपासून खालपर्यंत सावकाश वाचून काढले. एकही राहिला नाही. आणि मला काहीही वाटलं नाही. निरोपाच्या वेळी बोलायचं राहून जातं, तेच त्या खेळाने दाखवलं होतं, आणि राहून जाण्याची तेवढी एक गोष्ट मी काढून टाकली.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त खेद आहे ते. आयएफकॉम्पमध्ये परीक्षक म्हणून तुमचे गुण धरले जायचे असतील तर निदान पाच खेळांना गुण द्यावे लागतात. प्रत्येक खेळासमोर अंदाजे वेळ लिहिलेली असते, पंधरा मिनिटं, अर्धा तास, तास, दीड तास, दोन तास. खेळांची यादी प्रत्येक परीक्षकाला वेगळ्या क्रमाने मिळू शकते, म्हणजे वरच्या अक्षराच्या खेळांना जास्त परीक्षक आणि खालच्यांना कमी असा अन्याय होत नाही. विचारपूर्वक केलेली सोय आहे ती. मी तो क्रम बाजूला ठेवला, वेळेप्रमाणे यादी लावली आणि पंधरा मिनिटांचे खेळ आधी घेतले. पाच लवकर होतात म्हणून. पाच झाले की सहावा, मग सातवा. त्या दिवसांत माझ्या लेखी पंधरा मिनिटांचा खेळ म्हणजे पंधरा मिनिटांत लिहिलेला खेळ होता.

त्यांत एक कोणाचा तरी पहिलाच खेळ होता. लेखक इंग्रजी मातृभाषेचा नसावा हे वाक्यावाक्यातून दिसत होतं. रुग्णाईत वडिलांशेजारची एक रात्र, सात-आठ वस्तू, थोडं बोलणं. मी त्यातल्या स्पेलिंगच्या आणि विरामचिन्हांच्या चुका वेचून काढल्या, चार गुण दिले आणि लेखकाला अभिप्राय पाठवायच्या सोयीतून ती चुकांची यादी पाठवली. यादी अचूक होती. तिच्यात वडिलांविषयी एक शब्द नव्हता. खेळताना मी उशाशी ठेवलेला चष्मा पुसला होता आणि तेव्हा आलेल्या उत्तराने मला गलबलून आलं होतं, तेही मी लिहिलं नाही, कारण ते चुकांच्या रकान्यात बसत नव्हतं.  हे खेळ परीक्षकांना मोफतच द्यावे लागतात. लेखकाला परीक्षकाकडून मिळतं ते एवढंच, की कोणीतरी चष्मा पुसला. तेवढं कळवणं माझ्या हातात होतं. मी स्वतः मराठीत विचार करून परक्या इंग्रजीत कमांड टाइप करते, मला तरी त्या माणसाची वाक्यं समजून घ्यायला जड जायला नको होतं.

नंतरच्या वर्षी मी मला मिळालेल्या क्रमानेच खेळले. एका बैठकीला एकच खेळ. लेखकाची टीप आधी वाचायची, वॉकथ्रू दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचा नाही, आणि गुण देण्याआधी एक रात्र जाऊ द्यायची. अभिप्रायात पहिलं वाक्य खेळात काय घडलं त्याबद्दल, स्पेलिंग शेवटी, तेही विचारलं असेल तर. खेळ कमी झाले. पाचाचा आकडा मात्र गाठला, आणि त्या पाचांतली एकेक खोली मला आजही आठवते.

मराठीबद्दल एक सांगते, कारण विचारणारे भेटतात. कमांडचा खेळ मराठीत करणं कष्टाचं आहे. पेटी, पेटीत, पेटीवरचा, पेटीला हे सगळं एकच पेटी आहे हे पार्सरला शिकवावं लागेल, आणि ‘उचल’, ‘उचलते’, ‘उचलून घे’ हेही. स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन मंडळींनी आपापल्या भाषांसाठी हे केलेलं आहे, म्हणजे अशक्य नाही. क्लिकच्या खेळाला तर एवढीही अडचण नाही. ट्वाइनमध्ये देवनागरी नीट चालते. 2015 साली ‘ट्वायनी जॅम’ नावाचा एक उपक्रम झाला, त्यात अट होती की खेळ तीनशे शब्दांच्या आत हवा. आपल्याकडे तीनशे शब्दांत नेमकं लिहिणाऱ्यांची वाण नाही. कोणी लिहिला तर मी तो खेळेन, आणि शुद्धलेखनाविषयी अवाक्षर काढणार नाही.

तोवर ‘आइल’ खेळून पाहा. मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतो, इंग्रजी अवघड नाही. सुरुवातीची सूचना वाचा, न्योकीसमोर उभे राहा, एकच कमांड द्या, आणि त्या रात्री दुसरी देऊ नका.